चाळीसच्या खाली

डोक्यावरची टोपी काढून मोनाली मडावीनं केस सारखे केले आणि पडद्याकडे पाहिलं. एकोणीस.

"आपला वेदना-अंक एकोणीस आहे," खुर्चीतून गोड आवाज आला. "अंक चाळीसच्या खाली असल्यास हे औषध देता येत नाही. काळजी घ्या."

काउंटरमागे उभी असलेली ज्योत्स्ना डोर्लीकर भिंतीतल्या पोलादी खणाकडे बघत राहिली. खण उघडायचा असला की त्यातून टक्‌ असा आवाज यायचा. आला नाही. आत मॉर्फिनच्या गोळ्यांची पाकिटं होती. दुकान ज्योत्स्नाचं, परवाना ज्योत्स्नाचा, आणि तरी तो खण उघडण्याचा अधिकार जानेवारीपासून तिला राहिला नव्हता.

"पुन्हा बसू का जी मॅडम?" मोनालीनं विचारलं.

"महिन्यातून दोनदाच बसता येतं. आता पंधरा दिवसांनी."

"पंधरा दिवस." मोनाली हसली. ती नेहमीच हसायची. डॉक्टरांची चिठ्ठी तिनं नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि निघाली. दुकानाला तीन पायऱ्या होत्या. त्या ती एकेक करून उतरली, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, एक हात भिंतीला. बत्तीस वर्षांची बाई. जटपुरा गेटकडे जाणाऱ्या गर्दीत ती दिसेनाशी होईपर्यंत ज्योत्स्ना बघत होती. मग पुढचं गिऱ्हाईक आलं.

मोनाली आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या वर्गाला शिकवायची आणि तुकूमला खोली घेऊन एकटी राहायची. तिला सिकलसेल होता. चंद्रपूर-गडचिरोलीकडे हा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग त्या नसेच्या पुढचं हाडमांस रक्तावाचून आक्रोश करू लागतं. ऊन लागलं, पाणी कमी पडलं, थंडी वाढली, कशानंही दुखणं उसळतं. ते उसळलं की साध्या गोळ्यांचं काम राहत नाही.

अकरा वर्षांपूर्वी मोनाली पहिल्यांदा या दुकानात आली होती तो दिवस ज्योत्स्नाला चांगला आठवत होता, कारण त्या दिवसाची तिला लाज वाटायची. एकवीस वर्षांची पोरगी, जीन्स, कानात इअरफोन, आणि चिठ्ठीवर मॉर्फिन. ज्योत्स्नानं चिठ्ठी उजेडात धरून पाहिली. आधार कार्ड मागितलं. डॉक्टरांना फोन लावला, ते उचलेपर्यंत तिला अर्धा तास उभं ठेवलं, आणि वर सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "याची लोक नशा करतात, माहीत आहे ना?" पोरगी हसली फक्त. त्या हसण्यामुळे तर ज्योत्स्नाचा संशय आणखी पक्का झाला होता. दुखणारं माणूस हसेल कशाला?

पुढे ओळख झाली तेव्हा मोनालीनंच एकदा सांगितलं होतं. "रडलं की लोक म्हणतात नाटक करून राहिली. हसलं की म्हणतात दुखतच नाही. काही केलं तरी खोटंच ठरायचं, तर मग हसलेलं बरं. दिसायला तरी चांगलं."

म्हणून खुर्ची आली तेव्हा ज्योत्स्नाला हायसं वाटलं होतं.

मधल्या काही वर्षांत या गोळ्यांच्या व्यसनानं राज्यात फार पोरं गेली होती. खोट्या चिठ्ठ्या, खोटे डॉक्टर, आणि दुकानदारांवर खटले. मग नवा कायदा झाला. नियंत्रित औषध द्यायचं तर आधी दुखणं मोजायचं. प्रत्येक मोठ्या मेडिकलमध्ये एक खुर्ची बसली. खुर्चीच्या हातावर बोट टेकवायची काच, वर मऊ टोपी, समोर पडदा. टोपीतून कानाला न ऐकू येणारा ध्वनी मेंदूत जाई आणि कुठल्या भागात रक्त धावतंय ते टिपून परत येई. सात मिनिटांत शून्य ते शंभरमधला एक आकडा. आता चेहरे वाचायचे नाहीत, फोन फिरवायचे नाहीत, कुणाचा चारचौघांत अपमान करायचा नाही. यंत्राला ना जीन्स दिसते ना हसू. ज्योत्स्नानं खुर्चीवर हळदीकुंकू वाहिलं होतं.

त्यानंतर तिसऱ्याच महिन्यात हा एकोणीस आला.

तिनं डॉक्टरांना फोन केला. ते वैतागलेलेच होते. "मी चिठ्ठी लिहू शकतो हो डोर्लीकर मॅडम, खण उघडू शकत नाही. माझे असे सहा पेशंट आहेत. सगळे जुने, आणि सगळे चाळीसच्या खाली."

मोनालीनं उरलेल्या गोळ्या अर्ध्या-अर्ध्या करून आठ दिवस काढले. नवव्या दिवशी तिला तिच्या वर्गातल्या मुलांनी सरकारी दवाखान्यात नेलं. चार दिवस सलाईनवर होती. पंधरा दिवसांनी ती पुन्हा खुर्चीत बसली. एकवीस.

एप्रिलमध्ये खुर्चीची तपासणी करायला कंपनीचे इंजिनिअर नंदनवार आले. चाळिशी ओलांडलेला, बोलायला मोकळा माणूस. यंत्र जुळवून घ्यायला एखादं निरोगी माणूस बसवावं लागतं.

"मॅडम, तुम्हीच बसा ना. काही दुखतंय?"

"काही नाही."

"मग झालं. पाच-सात आकडा येईल, मी सही करतो आणि जातो."

ज्योत्स्नानं टोपी चढवली. पडद्यावर दोन मिनिटं निळं तळं दिसलं. मग गोड आवाज सुरू झाला. कुठे दुखतं? कधीपासून? झोप लागते का? रात्री जाग आल्यास आपण कुणाला हाक मारता? आज सोबत कोण आलं आहे?

"कुणी नाही," ती म्हणाली.

सात मिनिटांनी पडद्यावर चौसष्ट आलं.

नंदनवारांनी टोपी पुसली, तिला पुन्हा बसवलं. सहासष्ट. मग स्वतः बसून पाहिलं. सहा.

"दाढबिढ दुखत असेल," ते म्हणाले.

"नाही दुखत."

नंदनवार स्टूल ओढून बसले. "सांगू का? यंत्र बरोबरच आहे. मेंदूत दुखण्याच्या दोन जागा असतात असं समजा. एक जागा सांगते कुठे दुखतंय. दुसरी, आत खोल, कपाळाच्या मधोमध मागे, ती सांगते की हे सहन होत नाही. आमचं यंत्र दुसरीला जास्त मानतं, कारण पहिलीला फसवता येतं, चिमटा काढला तरी ती पेटते. पण या दुसऱ्या जागेची एक गंमत आहे. तिला जखम आणि... आणि कुणी नसणं, यातला फरक कळत नाही. लाखो वर्षांपूर्वी कळपातून सुटलेलं जनावर जखमी जनावराइतक्याच लवकर मरायचं. शरीरानं दोन्हींना एकच घंटा लावून टाकली."

ज्योत्स्नानं टोपी खुंटीला अडकवली.

"आणि माझ्या एका पेशंटला एकोणीस येतो," ती जरा वेळानं म्हणाली. "सिकलसेल आहे. तिला खरंच दुखतं."

"जन्मापासून?"

"जन्मापासून."

नंदनवारांनी मान खाली घातली. "पहिली दोन मिनिटं तळं दाखवतो ना, ती शांतरेषा. माणूस स्वस्थ असताना मेंदू कसा आहे ते. नंतर जे काही येईल त्यातून शांतरेषा वजा. उरलं ते दुखणं. ऑपरेशन झालेल्या लोकांवर बनवलंय हे सगळं. त्यांना काल दुखत नव्हतं, आज दुखतं. पण जिला तळं बघतानाही दुखतच असतं, तिचं दुखणंच शांतरेषा होऊन बसतं. यंत्र ते वजा करून टाकतं. तुमचं तळं बघताना निजतं आणि प्रश्नांनी जागं होतं, म्हणून ते उरतं."

"मग दुरुस्त करा."

"मी वर तीनदा लिहिलंय, मॅडम." त्यांनी बॅग उचलली. निरोगी माणसाच्या रकान्यात त्यांनी स्वतःचा सहा लिहिला आणि सही केली.

त्या संध्याकाळी ज्योत्स्नानं नवऱ्याला सांगितलं. दिवाकरराव वीज केंद्रातून मुदतीआधी निवृत्त झाले होते. दिवसभर ते हेडफोन लावून जगभरच्या अनोळखी लोकांशी बुद्धिबळ खेळत. दोघांमध्ये भांडण नव्हतं. असतं तरी बरं झालं असतं. मूलबाळ झालं नाही, त्याचं दुःख दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत केलं, आणि मग वेगवेगळ्या खोल्यांची सवयच लागली. ते सातला जेवत, ती दुकान बंद करून नऊला.

"अहो, आज त्या खुर्चीत बसले होते. माझा आकडा चौसष्ट आला."

त्यांनी एका कानाचा हेडफोन बाजूला केला. "म्हणजे?"

"म्हणजे पुष्कळ दुखतंय."

"कुठे?"

ती दारात उभी राहिली. सांगायला एखादी जागा हवी होती. गुडघा, कंबर, काहीतरी.

"मशीन बिघडलं असेल," ते म्हणाले आणि हेडफोन जागेवर बसवला.

मे महिन्यात चंद्रपूरचं ऊन सत्तेचाळीसवर गेलं. दुपारी दोन वाजता रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, तेव्हा मोनाली रिक्षातून उतरली. पायऱ्यांवरून तिला ज्योत्स्नानंच धरून आत आणलं. ओठ पांढरे पडले होते, बोटं सुजली होती. आणि ती हसत होती.

"बसवा मला, मॅडम. आज तर येईलच चाळीस."

ज्योत्स्नानं तिच्याकडे पाहिलं, मग शटर अर्धं खाली ओढलं.

"तू बसू नको. तू फक्त बोट टेकव."

"म्हणजे?"

"बोट तुझं. डोकं माझं."

मोनालीला समजायला एक क्षण लागला. खुर्चीचा कॅमेरा चेहरा ओळखत नसे. तो फक्त डोळ्यांच्या बाहुल्या बघे. नाव ठरायचं ते सुरुवातीला खुर्चीच्या हातावरच्या काचेवर टेकवलेल्या बोटानं. ज्योत्स्ना खुर्चीत बसली आणि टोपी घातली. मोनाली शेजारी स्टुलावर बसली आणि तिनं हात लांबवून काचेवर बोट ठेवलं. दोघींचा मिळून एक पेशंट झाला.

"नमस्कार, मोनाली मडावी," गोड आवाज म्हणाला.

तळं आलं, गेलं. प्रश्न सुरू झाले. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा हलत होता. बावीस. सत्तावीस. ज्योत्स्ना वाट बघत होती. तीस. एकोणतीस. आकडा पुढे सरकेना. चार मिनिटं झाली. मोनालीचा हात काचेवरून केव्हाच सुटून ज्योत्स्नाच्या मनगटावर आला होता. दुखण्याची कळ आली की ती ते मनगट दाबत होती. तापलेला, सुजलेला हात. किती वर्षांत ज्योत्स्नाला कुणी असं घट्ट धरलं नव्हतं.

सव्वीस.

तेव्हा ज्योत्स्नाच्या ध्यानात आलं.

"मोनाली," ती ओठ न हलवता म्हणाली, "तू बाहेर जा."

"मी उभी नाही राहू शकत जी."

"पायरीवर बस. सावली आहे तिथे. माझ्याजवळ नको. जा ना बाई, लवकर."

मोनाली भिंत धरत अर्ध्या शटरखालून वाकून गेली. दुकान रिकामं झालं. पंख्याची घरघर, औषधांचा वास. आवाजानं विचारलं, रात्री जाग आल्यास आपण कुणाला हाक मारता? ज्योत्स्नानं डोळे उघडे ठेवले. तिला आपल्या घरातली अंधारी बोळकांडी आठवली, पलीकडच्या खोलीच्या दाराखालची उजेडाची रेघ, आणि त्या रेघेकडे बघत उभं राहून परत फिरण्याची सवय. पस्तीस. आज सोबत कोण आलं आहे?

"कुणी नाही."

सत्तावन्न. मागे टक्‌ झालं.

गोळी घेतल्यावर पाऊण तासानं मोनालीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. दुखणं उतरलं की तिचा चेहरा साधा, थकलेला दिसायचा. तो ज्योत्स्नानं पहिल्यांदा पाहिला.

"तुम्हाला एवढं काय दुखतं ताई?" तिनं विचारलं. मॅडम म्हणणं त्या दिवशी सुटलं.

हे पुढे दर महिन्याला होऊ लागलं. जूनमध्ये पंचावन्न. पण एकदा का माणूस आपलं गुपित दुसऱ्याच्या हाती देतं, मग ते परकं राहत नाही. मोनाली रविवारी डबा घेऊन दुकानात यायला लागली. कधी ज्योत्स्नाच तुकूमला जाई. मोनालीला वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याचं वेड होतं. ती खाटेवर आडवी पडून वाचून दाखवी, ज्योत्स्ना भाकरी थापता थापता उत्तर देई, आणि चुकलं की दोघी भांडत. "पाच अक्षरी आहे जी ताई, तुमचं सहा अक्षरी होऊन राहिलं!" ज्योत्स्ना मोठ्यानं हसायची आणि स्वतःचं हसणं ऐकून दचकायची.

जुलैत एकोणपन्नास. ऑगस्टमध्ये चव्वेचाळीस. सप्टेंबरमध्ये खण उघडला तो एक्केचाळीसवर.

त्या दिवशी पाकीट हातात घेताना ज्योत्स्नानं हिशेब केला. आणखी दोन आकडे खाली आणि संपलं. रविवारच्या डब्यांनी, शब्दकोड्यांनी तिला बरं करत आणलं होतं. आणि ती बरी झाली की मोनालीचं औषध बंद.

तिनं मोनालीचा फोन उचलणं सोडलं. रविवारी दुकान लवकर बंद करू लागली. मोनाली दारात दिसली तर आत गोदामात जाऊन बसे. एकदा मोनालीनं काउंटरवर डबा ठेवला आणि पंधरा मिनिटं उभी राहिली. गोदामाच्या फटीतून ज्योत्स्ना बघत होती. तिला वाटलं, हेच तर हवं होतं. दुखायला हवं. दुखत होतं.

ऑक्टोबरमध्ये त्रेपन्न. बोट टेकवायला आलेली मोनाली काही न बोलता पायरीवर जाऊन बसली होती. पाकीट घेताना मात्र तिनं विचारलं, "माझं काही चुकलं का ताई?"

ज्योत्स्नाला खोटं बोलणं जमलं नाही. तिनं सगळं सांगितलं.

मोनालीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही सुखात राहिल्या की मी मरायची, आणि मी जगायची तर तुम्ही असं कोपऱ्यात बसून झुरायचं."

"मला सवय आहे."

"मलाही दुखायची सवय आहे. म्हणून काय ते चांगलं आहे?" तिचा आवाज चढला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. "तुमचं दुखणं गिळून नाही जगायचं मला. ही गोळी माझी आहे, ती माझ्या दुखण्यावर पायजे."

पाकीट घेऊन ती गेली, पण नोव्हेंबरमध्ये आली नाही. ज्योत्स्नाचे फोन आता तिनं उचलले नाहीत. जी एकटेपणाची साठवण ज्योत्स्नानं तिच्यासाठी करून ठेवली होती ती तशीच पडून राहिली, कुणाच्याही उपयोगाची नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात थंडीची लाट आली. सकाळी दुकान उघडायला ज्योत्स्ना पोचली, तेव्हा पायरीवर कुणीतरी घोंगडी पांघरून बसलं होतं. मोनालीचे दात वाजत होते. तिला नीट बोलता येत नव्हतं.

"नाही सहन होत, ताई," एवढंच ती म्हणाली. आणि हसली नाही.

ज्योत्स्नानं तिला आत घेतलं, हीटर लावला, बोट टेकवून घेतलं, आणि खुर्चीत बसली. मोनाली घोंगडीसकट बाहेर गेली. शटर खाली आलं. तळं आलं, गेलं. प्रश्न आले. ज्योत्स्नानं ती बोळकांडी आठवली, ती उजेडाची रेघ आठवली, गोदामाची फट आठवली. पण पत्र्यापलीकडे मोनाली आहे, ती आपल्याकडेच आली, एवढी रागावली होती तरी आपल्याकडेच आली, ही गोष्ट काही केल्या मनातून हलेना. आज सोबत कोण आलं आहे?

"कुणी नाही," ती म्हणाली, आणि ते खोटं आहे हे तिला बोलतानाच कळलं.

अडतीस.

खण गप्प होता. ज्योत्स्नानं टोपी काढून जमिनीवर ठेवली. शटर ओढायची लोखंडी सळई कोपऱ्यात होती. ती तिनं खणाच्या फटीत घातली आणि सगळा भार टाकला. चौथ्या झटक्याला पोलाद वाकलं आणि दुकानभर घंटा वाजू लागली. तिनं एक पाकीट काढलं, पाणी घेतलं, बाहेर जाऊन मोनालीला गोळी दिली. मग नंदनवारांना फोन लावला.

"खण मी फोडलाय. या."

सुनावणी जानेवारीत नागपूरला झाली. दिवाकरराव सोबत आले होते. त्यांनीच गाडी चालवली. समोर औषध खात्याचे तीन अधिकारी, मध्ये अध्यक्ष बाई. नंदनवार एका बाजूला. दिवाकरराव मागच्या बाकावर.

"खण फोडल्याचं तुम्हाला मान्य आहे?" अध्यक्ष बाईंनी विचारलं.

"मान्य आहे. आणि आणखी एक. मेपासून मोनाली मडावीच्या नावावर जे आकडे आहेत ते तिचे नाहीत, माझे आहेत. तिचा आकडा एकवीसच्या वर कधीच गेला नाही. तिला गोळीची गरज आहे हे तिच्या रक्तात दिसतं, चौदा वर्षांच्या कागदांत दिसतं. खुर्चीला दिसत नाही."

अधिकाऱ्यांनी कागद चाळले. "सत्तावन्न, पंचावन्न... आणि यंत्राच्या नोंदीत एप्रिलमध्ये तुमचा चौसष्ट. तुम्हाला कोणता आजार आहे?"

"काही नाही."

"मग एवढा अंक कसा?"

ज्योत्स्नाला मागे वळून बघायचं नव्हतं. ती टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत राहिली.

"मी एकटी आहे, मॅडम."

डावीकडच्या अधिकाऱ्यानं अर्जावर बोट ठेवलं. "इथं विवाहित लिहिलंय."

"हो," ती म्हणाली. "तेही खरं आहे."

मग नंदनवार उठले आणि शांतरेषेचं सगळं सांगू लागले. आधीच्या तीन पत्रांच्या प्रती त्यांनी टेबलावर ठेवल्या.

ज्योत्स्नाचा परवाना दोन वर्षांसाठी रद्द झाला. मोनालीची चिठ्ठी खरी होती म्हणून तिला समज देऊन सोडलं. खुर्च्यांचं काय करायचं यावर समिती बसली.

परतताना जांबच्या फाट्यावर दिवाकररावांनी गाडी थांबवली. "चहा घेशील?" म्हणाले आणि तिच्या उत्तराआधीच उतरले. दोन कप आणले. तिनं घोट घेतला. साखर होती. साखर सोडून तिला नऊ वर्षं झाली होती. तिनं कप संपवला. वरोरा मागे गेल्यावर ते म्हणाले, "तू तिथे बोललीस ते..." आणि पुढचं वाक्य त्यांना सापडलं नाही. तिनं वाट पाहिली. चंद्रपूर आलं.

दुकान बंद झालं. आधी आठ-दहा लोक घरी विचारत आले, मग थांबले. जुलैमध्ये सरकारचं दीड पानी परिपत्रक निघालं. जन्मजात आणि दीर्घकालीन दुखण्याच्या रुग्णांची शांतरेषा वजा करू नये, त्यांना तज्ज्ञ डॉक्टरांच्या कागदांवर औषध द्यावं. त्यात कुणाचं नाव नव्हतं. ज्योत्स्नानं ते दोनदा वाचलं आणि ओट्यावर ठेवलं.

तोवर मोनालीची बदली सिंदेवाहीला झाली होती. तिथल्या सरकारी दवाखान्यात तिला गोळ्या मिळू लागल्या. तिचा फोन येई, पण रोज नाही. वर्ग मोठा होता, गाव नवीन होतं.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी फोनवर तिचा आवाज नेहमीसारखा वाटला नाही. ज्योत्स्ना काही न विचारता बसनं निघाली. खोलीत मोनाली भिंतीकडे तोंड करून पडली होती. गोळी घेतली होती. पण गोळीनं सगळं दुखणं जातं असं थोडंच आहे. ज्योत्स्नानं पाणी तापवलं, पिशवी भरली, गुडघ्याखाली ठेवली. दुसरा गुडघा मांडीवर घेऊन हळूहळू चेपत राहिली. ऊन भिंतीवरून उतरत गेलं. मोनालीचा श्वास सावकाश झाला आणि तिला झोप लागली, ज्योत्स्नाच्या पदराचं टोक मुठीत धरून.

चंद्रपूरची शेवटची गाडी साडेपाचला होती. पाच वाजता ज्योत्स्नानं एका हातानं फोन लावला.

"अहो, आज मी येत नाही."

पलीकडे बुद्धिबळाच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, मग ती थांबली.

"बरं," दिवाकरराव म्हणाले. "मग उद्या दूध किती घेऊ?"

"अर्धा लिटर. एकट्याला पुरतं तेवढं."

त्यांनी फोन ठेवला नाही. बाहेर रस्त्यावरून बस गेली, तिचा आवाज लांबवर विरेपर्यंत ज्योत्स्ना फोन कानाला लावून बसून राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की तेही तसेच बसले आहेत.